शिध्याच्या दिवशी प्रार्थना नाही

या अंकाचे संपादक मूळचे पुण्याचे, वयानं माझ्या जावयापेक्षा लहान, आणि दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतात. त्यांनी फोन करून सांगितलं, "बाई, लॉकडाउनमध्ये तुम्ही जे काम केलंत त्यावर लिहा. जरा पॉझिटिव्ह असू द्या." मी विचारलं, दिवाळी अंकात ख्रिस्ती सेविकेचा लेख चालेल का? ते म्हणाले, चालेल म्हणजे काय, धावेल. तेव्हा लिहायला बसले आहे. लेख किती धावतो आणि किती पॉझिटिव्ह होतो, ते त्यांनीच ठरवावं.

सेविका म्हणजे काय हे आमच्या बाहेरच्या लोकांना माहीत नसतं. पाळकसाहेब रविवारी उपदेश करतात, लग्नं लावतात, माणसं पुरतात. सेविका उरलेले सहा दिवस घरोघर हिंडते. कुणाकडे बाळंतपण झालं, कुणाची नोकरी गेली, कुणाचा नवरा पुन्हा प्यायला लागला, कुणाची सासू सुनेशी बोलत नाही, हे सगळं तिला ठाऊक असतं आणि ते पोटात ठेवायचं असतं. माझे मिस्टर यशवंतपूरला रेल्वेत होते, म्हणून मी नगरहून बंगळुरात आले आणि इथल्या एका लहानशा मराठी मंडळीत तीस वर्षं हे काम केलं. मंडळी म्हणजे आमच्याकडे चर्चची माणसं. चर्चची इमारत आमची नव्हतीच. सकाळी तमिळ उपासना, मग कन्नड, मग इंग्रजी, आणि दुपारी अडीच वाजता, सगळ्यांना जेवून झापड येत असताना, मराठी. वेदीवरची फुलं तमिळ लोकांनी ठेवलेली असायची. ती कोमेजलेली असली तरी आम्हाला फुकट मिळायची, म्हणून आम्ही तक्रार केली नाही.

या कामात शिकायची मुख्य गोष्ट म्हणजे घर वाचणं. घरात भूक आहे का, हे विचारून कळत नाही. विचारलं की सगळे "देवाच्या दयेनं बरं आहे" म्हणतात. मी आधी पाणी मागायचे आणि पेला आणायला बाई आत गेली की कान द्यायचे. भांड्यांचा आवाज कसा येतो, त्यावरून पुष्कळ कळतं. भुकेल्या घरातली मुलं दंगा करत नाहीत, हे दुसरं. आणि तिसरं खास बंगळूरचं. इथं कुणीही भेटलं की पहिला प्रश्न "ऊट आयता?", म्हणजे जेवण झालं का. रिक्षावाला विचारतो, बँकेतला शिपाई विचारतो, भाजीवाली विचारते. त्यात काही निमंत्रण नसतं, नुसती रीत असते. पण ज्या घरात चूल थंड असते तिथं हा प्रश्न येत नाही, कारण समोरच्यानं "नाही झालं" म्हटलं तर काय करणार? तीस वर्षांत हे माझं माप फारसं चुकलं नाही.

लॉकडाउन लागला आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून माझा फोन वाजायला लागला. आधी आमच्यातलेच लोक, मग त्यांच्या शेजारचे, मग शेजाऱ्यांच्या ओळखीचे. हॉटेलात भांडी घासणारे, घरकामाच्या बाया, बांधकामावरची कुटुंबं. दुष्काळ म्हटलं की पाऊस नसतो, जमीन भेगाळते, असं आपण शाळेत शिकलो. इथं बाजारात धान्याची पोती होती, झाडांना आंबे लागले होते आणि माणसं उपाशी होती. मला विचाराल तर तो दुष्काळच होता. पाळकसाहेबांनी चर्चचं स्वयंपाकघर आणि मागची खोली मागून घेतली, आणि आम्ही आठवड्याच्या पिशव्या भरायला लागलो. तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, तिखट, चहा, साखर, साबण. याला आम्ही शिधा म्हणायचो.

पहिल्याच दिवशी मी एक नियम घातला. शिधा देताना प्रार्थना करायची नाही, पत्रिका वाटायच्या नाहीत, येशूचं नाव काढायचं नाही.

हा नियम कुठून आला ते सांगायला हवं. आमचं घराणं नगर जिल्ह्यातलं, आणि माझे खापरपणजोबा जुन्या मोठ्या दुष्काळात ख्रिस्ती झाले. मिशनच्या कामावर खडी फोडायला गेले आणि पुढं बाप्तिस्मा घेतला. त्यांना खरंच विश्वास वाटला की ज्वारी मिळत होती म्हणून, हे आता कुणी सांगू शकत नाही. शाळेत मात्र मुली मला सांगायच्या. "तुम्ही दुष्काळातले बाटगे, ज्वारीवर देव बदललात." मी घरी येऊन रडले की आई म्हणायची, दुर्लक्ष कर. मी दुर्लक्ष केलं नाही, मनात धरून ठेवलं. पोट जळत असताना माणूस कुणाच्याही दारात जातो, त्यात खापरपणजोबांची लाज मला कधी वाटली नाही. पण देणाऱ्यानं भाकरीबरोबर आणखी काही पुढं केलं असेल, तर त्याची लाज वाटायची, आणि तो देणारा आमचाच होता. तेव्हा माझ्या हातून तसं व्हायला नको, एवढं मी ठरवलं होतं.

पाळकसाहेबांना हे पटलं नाही. ते भले गृहस्थ, पण उपदेशाची सवय असलेले. त्यांनी विचारलं, मग प्रार्थना करायची तरी कधी? मी म्हटलं, घरी बसून करा, देवाला आपला पत्ता माहीत आहे. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एकदोघे कुरकुरले. शेवटी माझं ऐकलं, कारण पिशव्या घेऊन उन्हात फिरणार मी होते.

नियमाचा फायदाही झाला. यशवंतपूरच्या घाऊक बाजारात एक धान्याचे व्यापारी होते, कपाळभर विभूती लावणारे. मी तांदूळ मागायला गेले तर त्यांनी सरळ विचारलं, माझ्या तांदळावर तुम्ही लोकांना बाटवणार का? मी नियम सांगितला. त्यांचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः स्कूटरवरून आमच्या मागोमाग आले आणि तीन घरं होईपर्यंत माझ्याकडं बघत राहिले. तोंडावर मास्क होता, तरी माझे ओठ हलतात का ते बघत होते. नंतर निघून गेले आणि संध्याकाळी दुप्पट पोती पाठवली. त्या दिवसापासून माझी मान जरा जास्तच ताठ झाली, हे कबूल करते.

चुका झाल्या. बांधकामावरची कलबुर्गीकडची कुटुंबं होती, त्यांना आम्ही तीन आठवडे तांदूळच देत राहिलो. चौथ्या आठवड्यात त्यातल्या एका बाईनं फार संकोचानं सांगितलं की भातानं त्यांचं पोट भरत नाही, तासाभरात मुलं पुन्हा रडतात, जोंधळ्याचं पीठ मिळेल का. मी नगरची, भाकरीवर वाढलेली, आणि हे मला सुचलं नव्हतं. बंगळुरात राहून मीही भातखाऊ झाले होते. मग गिरणीवाल्याला गाठून पीठ दळून घेतलं. पण ही चूक भरून काढता आली, म्हणून तिचं दुःख मोठं नाही.

ज्या चुकीसाठी हा लेख लिहिते आहे ती चिकपेटमधली.

चिकपेटच्या मागच्या गल्लीत नागोजीअण्णांचं शिवणाचं दुकान होतं. इथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांपैकी त्यांचं एक. पूर्वज शहाजीराजांबरोबर आले असं ते सांगायचे. त्यांची मराठी ऐकली की पुण्याहून आलेल्यांना हसू येतं, निम्मी कानडी असते. साड्यांच्या दुकानांची फॉल-ब्लाउजची कामं ते करायचे, आणि आमच्या पाळकसाहेबांचा झगा आणि गायकवृंदाचे पांढरे अंगरखे वीस वर्षं त्यांनीच शिवले. मापं घ्यायला नवराबायको दोघं चर्चमध्ये यायची. अण्णा टेप धरायचे आणि तुळसाक्का वहीत लिहून घ्यायच्या. मूलबाळ नव्हतं. पांडुरंगाची भक्ती होती, दर एकादशीला उपास. आम्हा ख्रिस्ती लोकांचे अंगरखे शिवताना त्यांना कधी अवघड वाटलं नाही आणि आम्हालाही.

लग्नसराईच्या तोंडावर सगळं बंद झालं. मी फोन केला तर अण्णा म्हणाले, सगळं सरी आहे, म्हणजे ठीक आहे. मला शंका आली. आमचा रिक्षावाला मंजुनाथ मला घेऊन गेला. हा मंजुनाथ पन्नाशीचा, केस पिकलेले, कमी बोलणारा. शिधा वाटत फिरायचा पोलिसांचा पास त्याच्याही नावे होता आणि माझ्याही. दुकानाचं शटर बंद, बाजूनं अरुंद जिना, वर दोन खोल्या. मी पाणी प्यायले, पाऊण तास बसले, आणि दोघांपैकी एकानंही "ऊट आयता?" विचारलं नाही.

मी खाली जाऊन पिशवी आणली. अण्णांनी हात मागं घेतले. "फुकटचं नको अक्का. आमी कदी घेतलं न्हाई. काम हाय तर सांगा."

काम नव्हतं, पण मला तिथल्या तिथं सुचलं. म्हटलं, मास्क शिवून हवे आहेत, पुष्कळ, आणि आम्ही मजुरी शिध्यात देतो. चर्चमध्ये पडद्यांचं सुती कापड पडून होतं, ते दुसऱ्या दिवशी पाठवलं. अण्णांनी मास्कसुद्धा ब्लाउजसारखे नेटके शिवले, आतून शिलाई दिसायची नाही. दर शुक्रवारी मी पिशवी द्यायचे आणि मास्क न्यायचे. पाच-सहा आठवडे हे ठीक चाललं.

त्यातच तुळसाक्का अंथरुणाला खिळल्या. त्यांना जुना दमा होता, पायांवर सूज यायची. आता जिना उतरणं बंद झालं. नेहमीचे डॉक्टर दवाखाना उघडत नव्हते. फोनवर औषध सांगायचे, ते आम्ही पोचवायचो. एका शुक्रवारी मी पिशवी घेऊन वर गेले तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, बोलताना धाप लागत होती. दारात शेजारच्या दोन बाया उभ्या होत्या. मी पिशवी अजून खाली ठेवली नव्हती, तोच तुळसाक्कांनी माझा हात धरला.

"अक्का, तुमच्या देवाजवळ माझ्यासाठी स्वल्प बोला की," त्या म्हणाल्या. "मापं घ्यायला आलो तवा तुमच्या चर्चात त्या तापाच्या पोरीसाठी बोललात न्हाई का, डोकीवर हात ठेवून? तसं."

मी त्या दोन शेजारणींकडं पाहिलं. त्या माझ्याकडंच बघत होत्या. हातात तांदळाची पिशवी, आणि एक आजारी हिंदू बाई प्रार्थना मागते आहे. उद्या गल्लीत काय बोललं जाईल, ते यशवंतपूरच्या व्यापाऱ्यांपर्यंत कसं पोचेल, मग पोती थांबली तर किती घरं उघडी पडतील, हे सगळं माझ्या डोक्यातून एका क्षणात गेलं. आणि खरं सांगायचं तर याच्याही आधी शाळेतल्या त्या मुली आठवल्या.

मी म्हटलं, "तुळसाक्का, शिध्याच्या दिवशी आम्ही प्रार्थना करत नाही. नियम आहे. मी वेगळी येईन एखाद्या दिवशी, नुसती."

त्यांनी हात सोडला. "सरी," म्हणाल्या. अण्णा खिडकीपाशी मास्क मोजत होते, त्यांनी मान वर केली नाही.

जिना उतरताना मला वाईट वाटलं असेल असं वाचणाऱ्यांना वाटेल. तसं काही झालं नाही. मोहाच्या वेळी नियम पाळला, याचं मला समाधान वाटलं. मंजुनाथला मी ते रिक्षात सांगितलंही.

आणि मी वेगळी गेले नाही. पास शिध्याचा होता, प्रार्थनेचा नव्हता, रिकाम्या हातानं फिरले तर पोलीस अडवतील, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं कारण ते नव्हतं. मी विसरले. त्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात शिजवलेलं अन्न द्यायचं सुरू झालं आणि मी सकाळपासून चित्रान्नाच्या, म्हणजे इथल्या फोडणीच्या भाताच्या, पातेल्यांपाशी अडकले. पिशव्या घेऊन मंजुनाथ एकटाच जायला लागला.

पुढच्या शुक्रवारी तो चिकपेटची पिशवी परत घेऊन आला. म्हणाला, अण्णा "बेडा", म्हणजे नको, म्हणाले. आणि त्यांनी निरोप दिला आहे, अक्कांना सांग, आम्ही शिधा बंद केला.

मला आनंद झाला. त्याच सुमारास कुणीतरी म्हटलं होतं की चिकपेटच्या शिंप्यांना एका कारखान्याकडून मास्कची मोठी ऑर्डर मिळते आहे. मी समजले, अण्णांना काम मिळालं, मानी माणूस आहे, लगेच आमची मदत थांबवली. यादीतल्या त्यांच्या नावापुढं मी खूण केली. तेव्हा फोनवरून उपासना चालायची, त्या रविवारी उपकारस्तुतीच्या वेळी मी सांगितलंसुद्धा की एक घर आपल्या पायावर उभं राहिलं. पाळकसाहेब आमेन म्हणाले. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी ती पिशवी भरलीच नाही.

तिसऱ्या आठवड्यात बंधनं थोडी सैल झाली. शिवून झालेले मास्क चिकपेटला पडून असतील, ते घेऊन यावेत म्हणून मी मंजुनाथबरोबर निघाले. रिक्षात मागं पुढच्या घरांच्या पिशव्या होत्या. मी मोकळ्या हातानं जिना चढले.

अण्णांनी दार उघडलं आणि आधी माझ्या हातांकडं पाहिलं. मग मागं वळून म्हणाले, "तुळसा, अक्का आल्या. नुसत्या आल्या."

त्यांचे गाल आत गेले होते. खोलीत कपड्यांच्या घड्या नीट होत्या, मास्कचे गठ्ठे बांधून ठेवले होते, आणि स्टोव्हवर एक पातेलं उपडं होतं. मी विचारलं, कारखान्याचं काम कसं चाललं आहे? अण्णांना कळलंच नाही मी काय विचारते आहे. कसला कारखाना, असं ते म्हणाले. मग मी विचारलं, शिधा का बंद केलात?

ते माझ्याकडं असं बघायला लागले की जणू मीच वेड पांघरते आहे. "तुमीच सांगितलं न्हाई का? शिधा हाय तर प्रार्थना न्हाई. मग आमी शिधा सोडला. दोन शुक्रवार झाले, आज तिसरा. ती रोज इचारती, अक्का आज येतील का."

मी खाली बसून एकेक विचारून घेतलं. पहिला आठवडा मागच्या पिशव्यांतलं उरलेलं पुरवलं होतं, दुसऱ्यात एक वेळ भात, आणि गेले चार दिवस नुसती पेज, तीही तुळसाक्कांना थोडी आणि अण्णांना त्याहून थोडी. मास्क मात्र ते रोज शिवत होते. काम घेतलं होतं, ते पुरं करायचं, असं त्यांचं म्हणणं. त्याची मजुरी ते मागत नव्हते, कारण मजुरी म्हणजे शिधा.

तांदळासाठी कुणाला देवाचं नाव घ्यायला लागू नये म्हणून मी नियम केला होता. आणि या दोघांनी देवाचं नाव ऐकायला मिळावं म्हणून तांदूळ सोडला होता. माझ्या खापरपणजोबांना मिशनवाल्यांनी काय अट घातली होती ते मला माहीत नाही. मी घातलेली अट माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली होती. मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नाही.

मी तुळसाक्कांजवळ सरकले आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. तीस वर्षं मी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केल्या, शब्द आपोआप यायचे. त्या दिवशी येईनात. हे आमच्या स्वर्गीय पित्या, एवढं म्हणून मी थांबले. मग म्हटलं, या बाईला नीट श्वास घेऊ दे, हिला आणि हिच्या नवऱ्याला जेवू दे, आणि मला क्षमा कर. आमेन. इतकी छोटी प्रार्थना मी कधी केली नव्हती.

तुळसाक्कांनी डोळे उघडले. "झालं?"

"झालं."

"एवढंच होतं अक्का? मग त्या दिवशीच करायची की."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. त्या प्रार्थनेनं काही चमत्कार घडला असं मी लिहिणार नाही. पुढच्या आठवड्यात एक डॉक्टर मिळाले, गोळ्या बदलल्या, सूज उतरली, आणि तुळसाक्का त्यानंतर दीड वर्ष होत्या. मी शिधा घेऊन गेले आणि त्यांनी मागितलं, तर पिशवी कोपऱ्यात ठेवून मी प्रार्थना करायचे. दारात कोण उभं आहे ते बघायचं मी सोडून दिलं. व्यापाऱ्यांना मी स्वतः जाऊन हे सांगितलं. पोती येत राहिली.

पण त्या दिवशीचं अजून संपलं नव्हतं. मी धडधडत जिना उतरले, रिक्षातली एक पिशवी उचलली आणि पुन्हा वर चढले. अण्णा दारातच होते. त्यांनी दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली.

"आज नको अक्का," ते म्हणाले. "आत्ताच प्रार्थना झाली तिची. आता तांदूळ घेतला तर ती प्रार्थना वाया जाईल. तुमचा नियम हाय. उद्या आणा."

मी म्हटलं, नियम गेला खड्ड्यात, मी केला होता, मी मोडते. ते ऐकेनात. मी विनवणी केली, रागावले, मजुरीचं म्हणून घ्या म्हटलं. ते मान हलवत राहिले. दोन आठवडे उपास काढून मिळवलेली गोष्ट ते माझ्या एका पिशवीसाठी घालवायला तयार नव्हते. आतून तुळसाक्काही म्हणाल्या, नको, उद्या. मी पिशवी घेऊन पुन्हा खाली आले, बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि मास्क लावलेल्या तोंडानं रडायला लागले. येणारी-जाणारी माणसं लांबून जात होती, त्यांना वाटलं असेल आजार आहे.

मंजुनाथ रिक्षातून उतरला. काय झालं ते मी त्याला सांगितलं, जसं सुचेल तसं, निम्मं मराठीत. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या मांडीवरची पिशवी उचलली, रिक्षातून आणखी एक घेतली आणि जिना चढून गेला.

पाच-सात मिनिटांनी तो मोकळ्या हातानं खाली आला. मी विचारलं, घेतली का? तो म्हणाला, घेतली. मग रिक्षा सुरू करता करता त्यानं सांगितलं की अण्णांनी आधी विचारलं, तू काही प्रार्थना म्हणणार तर नाहीस ना? त्यानं सांगितलं, मला काही येतच नाही. तेव्हा त्यांनी हात पुढं केले.